बॉक्सिंग टीव्हीवरून मोबाइलवर गेलं, त्याचं आपल्याला काय?

आज आपण बॉक्सिंगबद्दल बोलणार आहोत. बॉक्सिंग म्हणजे मुष्टियुद्ध, ठोशांची लढत. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. पण या खेळाच्या बाबतीत अमेरिकेत जे घडलं, त्याचा संबंध आपल्या घरच्या डिशशी, मोबाइलच्या रिचार्जशी आणि बँकेतल्या खात्याशी आहे. तिथे सत्तर वर्षांहून अधिक काळ टीव्हीवर दिसणारं बॉक्सिंग गेल्या काही वर्षांत टीव्हीवरून उठलं आणि इंटरनेटवर गेलं. आज खेळाचं झालं, तसंच मालिकांचं, बातम्यांचं आणि माहितीच्या कार्यक्रमांचंही होत चाललं आहे. म्हणून हे एक उदाहरण नीट समजून घेऊ.

समजून घेताना दर टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: पैसे कोण देतं? गटाचा हिशेब तपासताना आपण हेच विचारतो ना, तसंच. पैसे कोण देतं हे कळलं, की पडद्यावर कोण दिसणार आणि पडद्यासमोर कोण बसू शकणार, हेही कळतं.

सुरुवात रेडिओपासून झाली. म्हणजे ज्या साधनातून तुम्ही मला आत्ता ऐकताय, त्यापासूनच. २ जुलै १९२१ रोजी अमेरिकेत जर्सी सिटी इथे जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंटिए यांची लढत झाली. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. लोक सभागृहांत जमले आणि एकत्र बसून लढतीचं वर्णन ऐकलं. आपल्याकडेही एकाच घरी रेडिओ असायचा आणि सगळी आळी तिथे जमायची, तसंच ते.

मग टीव्ही आला. सुरुवातीच्या टीव्हीला बॉक्सिंग फार सोयीचं होतं. क्रिकेटसारखं मोठं मैदान नाही, रिंगण लहान, दोनच माणसं, त्यामुळे एक-दोन कॅमेऱ्यांत काम भागायचं. शिवाय दर फेरीनंतर एक मिनिटाची विश्रांती असते, त्या मिनिटात जाहिरात बसायची. दाढीची पाती विकणारी जिलेट कंपनी अशा लढतींची मोठी प्रायोजक होती आणि तिच्या नावाचा शुक्रवार रात्रीचा कार्यक्रम १९६० पर्यंत एनबीसी वाहिनीवर चालला. इथे पैसे कोण देत होतं? जाहिरात देणारी कंपनी. बघणाऱ्याला टीव्ही विकत घेतला की पुढे खर्च नव्हता. म्हणून कारखान्यातला कामगारही ती लढत बघू शकत होता. पण दाढीची पाती विकायची तर बघणारा पुरुष हवा, म्हणून सगळा कार्यक्रम पुरुषांसाठी होता आणि रिंगणातही पुरुषच होते.

पुढे मोठ्या लढतींचे आयोजक म्हणू लागले, फुकट कशाला दाखवायचं? त्यांनी लढतीचं चित्र तारेने थेट सिनेमाघरांत नेलं आणि तिथे तिकीट लावलं. मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची १९७१ ची लढत लोकांनी अशी सिनेमाघरांत बसून पाहिली. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईर देशाच्या किन्शासा शहरात झाली. ती तिथल्या वेळेनुसार पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली. पहाटे का? कारण अमेरिकेत तेव्हा रात्रीची सोयीची वेळ होती आणि तिकीट काढणारे प्रेक्षक तिकडे होते. पैसे ज्याचे, त्याच्या घड्याळाप्रमाणे लढत.

त्याच काळात केबल टीव्ही वाढत होता. तिथल्या एचबीओ वाहिनीने २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकामधली फ्रेझर आणि फोरमन यांची लढत दाखवून बॉक्सिंगला सुरुवात केली. १९७५ मध्ये मनिला इथली अली-फ्रेझर लढत तिने उपग्रहातून घरांत पोहोचवली. ही वाहिनी जाहिरातींवर चालत नव्हती, दर महिन्याला घराघरांतून वर्गणी घेत होती. म्हणजे आता पैसे बघणारे घर देऊ लागलं.

नंतर आणखी एक पद्धत आली: महिन्याची वर्गणी आहेच, पण मोठी लढत बघायची तर तेवढ्या एका रात्रीचे वेगळे पैसे. २ मे २०१५ रोजी फ्लॉइड मेवेदर आणि फिलिपाइन्सचा मॅनी पॅकियाओ यांची लढत झाली. ती घरी बघायला सुमारे १०० डॉलर पडत होते, म्हणजे त्या वेळच्या भावाने सहा हजार रुपयांच्या वर. तरी अमेरिकेत ती सुमारे ४६ लाख ठिकाणी विकत घेतली गेली. दोघे बॉक्सर, आयोजक, वाहिन्या, सगळ्यांचे खिसे भरले. पण साध्या माणसाच्या घरातून हा खेळ निघून गेला. ज्या घरात शंभर डॉलर नाहीत, त्या घरातल्या मुलांनी मोठा बॉक्सर पाहायचा कुठे?

आता इंटरनेटच्या टप्प्यावर येऊ. इंटरनेटवरून थेट चित्र दाखवण्याला स्ट्रीमिंग म्हणतात. टीव्ही आणि स्ट्रीमिंग यांत फरक काय, तो आपल्या गावातल्या उदाहरणाने सांगते. देवळावरचा भोंगा लावला की आवाज एकदाच सुटतो. ऐकणारे पन्नास असोत की पाचशे, भोंग्याला फरक पडत नाही. डिशवरचा टीव्ही तसा आहे. उपग्रहातून चित्र एकदाच सुटतं आणि ज्याच्या घरावर छत्री आहे, त्याला ते मिळतं. स्ट्रीमिंग मात्र घरोघर जेवणाचे डबे पोहोचवण्यासारखं आहे. प्रत्येक घराला वेगळा डबा. पाचशे घरं असतील तर पाचशे डबे भरायचे, वाहायचे आणि वेळेत द्यायचे. एकाच वेळी सगळ्यांनी डबा मागितला, तर रस्त्यात गर्दी होते आणि डबा उशिरा येतो. मोबाइलवर चित्र अडकतं आणि गोल चक्र फिरत राहतं, ते बहुतेक वेळा याचमुळे. एरवीही स्ट्रीमिंगचं चित्र टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे असतं. शेजारच्या घरात आधी टाळ्या ऐकू येतात आणि आपल्या मोबाइलवर मागून चौकार दिसतो, हे तुम्ही क्रिकेटच्या वेळी पाहिलं असेल.

मग कंपन्यांना याचा फायदा काय? मधला केबलवाला लागत नाही. वर्गणी थेट कंपनीकडे जाते. कोण काय बघतं, किती वेळ बघतं, कुठे बंद करतं, हे सगळं कंपनीला कळतं. आणि एकाच वेळी जगभर विकता येतं.

२०१८ हे वर्ष महत्त्वाचं. एप्रिलमध्ये ईएसपीएन प्लस ही सेवा अमेरिकेत सुरू झाली. सप्टेंबरमध्ये डॅझोन ही सेवा अमेरिकेत आली. तिने महिना ९.९९ डॉलर भाव ठेवला आणि दर लढतीचे वेगळे पैसे भरायचे दिवस संपले, असा प्रचार केला. ऑक्टोबरमध्ये तिने मेक्सिकोच्या कनेलो अल्वारेझशी पाच वर्षांत ११ लढतींचा ३६.५ कोटी डॉलरचा करार केला. आपल्या पैशात अडीच हजार कोटींहून जास्त. एवढा पैसा कशासाठी? नवे वर्गणीदार ओढण्यासाठी. पुढच्याच वर्षी महिन्याची वर्गणी १९.९९ डॉलर झाली. आणि काही वर्षांनी मोठ्या लढतींना वेगळे पैसे घेणंही सुरू झालं. सुरुवातीला स्वस्त द्यायचं, सवय लागली की भाव वाढवायचा, हे आपण रिचार्जच्या बाबतीतही पाहिलं आहे.

इकडे एचबीओने ४५ वर्षांनंतर बॉक्सिंग बंद केलं. आपले वर्गणीदार आता बॉक्सिंगसाठी आपल्याकडे येत नाहीत, असं त्यांच्या पाहणीत दिसलं होतं. दुसरी मोठी वाहिनी शोटाइम १९८६ पासून बॉक्सिंग दाखवत होती, तिनेही २०२३ च्या शेवटी ते थांबवलं. पुढे ॲमेझॉनची प्राइम व्हिडिओ आणि नेटफ्लिक्स या क्षेत्रात उतरल्या.

आता बायकांची गोष्ट. एचबीओने बॉक्सिंग दाखवायला सुरुवात केली १९७३ मध्ये. त्या वाहिनीवर बायकांची पहिली लढत दिसली मे २०१८ मध्ये. मधल्या ४५ वर्षांत एकही नाही. सेसिलिया ब्रेकहस आणि केली रीस यांची ती लढत होती. आणि ८ डिसेंबर २०१८ रोजी एचबीओवर बॉक्सिंगची शेवटची रात्र झाली, तेव्हा त्या रात्री ब्रेकहस आणि क्लॅरेसा शील्ड्स या बाई बॉक्सर लढत होत्या. म्हणजे दार बंद व्हायच्या वेळी बायकांना आत घेतलं.

बायकांचं बॉक्सिंग बघायला लोक तयारच नव्हते का? तसं नव्हतं. १६ मार्च १९९६ रोजी लास व्हेगासमध्ये माइक टायसनच्या लढतीच्या आधी क्रिस्टी मार्टिन आणि आयर्लंडची डिअर्ड्रे गोगार्टी यांची लढत झाली. मार्टिनच्या नाकातून रक्त वाहत होतं, तरी ती लढत राहिली आणि जिंकली. लोकांनी त्या लढतीचंच जास्त कौतुक केलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. बाई बॉक्सरचा असा फोटो तिथे पहिल्यांदाच आला. तरीही वाहिन्यांनी बायकांना नेमाने जागा दिली नाही. वाहिनीवर वेळ मोजका असतो आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्यांच्या मनात बाई बॉक्सर बसत नव्हती.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग आलं तेच मुळी २०१२ मध्ये, लंडनला. तिथे आयर्लंडच्या केटी टेलरने सुवर्णपदक जिंकलं आणि आपल्या मणिपूरच्या मेरी कोमने कांस्य. मेरी कोम तेव्हा दोन जुळ्या मुलांची आई होती, हे तुम्हाला माहीत असेलच. तीच केटी टेलर पुढे व्यावसायिक बॉक्सर झाली. ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रसिद्ध सभागृहात तिची आणि पोर्तो रिकोच्या अमांडा सेरानोची लढत झाली. त्या सभागृहात बॉक्सिंगच्या रात्रीची मुख्य लढत बायकांची असण्याची ती पहिलीच वेळ. ती दाखवली डॅझोनने, म्हणजे स्ट्रीमिंगवर.

मग आली १५ नोव्हेंबर २०२४ ची रात्र. टेक्सासमध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन आणि २७ वर्षांचा जेक पॉल यांची लढत नेटफ्लिक्सने जगभर दाखवली. दर लढतीचे वेगळे पैसे नाहीत, ज्याची वर्गणी आहे त्याला ती बघता येत होती. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती, मुख्य कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. हरियाणाचा नीरज गोयतही त्या रात्री लढला आणि जिंकला. त्याच रात्री टेलर आणि सेरानो पुन्हा समोरासमोर आल्या. मुख्य लढत ६ कोटी घरांत पाहिली गेली आणि या दोघींची सुमारे ५ कोटी घरांत, असं नेटफ्लिक्सने सांगितलं. पुष्कळ लोकांनी म्हटलं, की खरी लढत या दोघींचीच झाली. पण डब्यांची गर्दी झालीच. कितीतरी लोकांचं चित्र अडकलं, पुसट झालं, मधेच बंद पडलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या गावात एका काडीच्या रेंजवर काय होणार?

पुढे ११ जुलै २०२५ रोजी दोघी तिसऱ्यांदा लढल्या, पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. या वेळी त्या रात्रीच्या सगळ्या लढती बायकांच्याच होत्या आणि त्या नेटफ्लिक्सवर दिसल्या. तिन्ही वेळा टेलरच जिंकली.

याचा अर्थ या कंपन्यांना बायकांचा कळवळा आला, असा नाही. त्यांना नवे वर्गणीदार हवे आहेत आणि बायकाही वर्गणीदार आहेत. शिवाय त्यांच्याकडे वाहिनीसारखं घड्याळाचं बंधन नाही. कारण काहीही असो, बाई बॉक्सर दिसू लागली. दिसू लागली की तिला मानधन मिळतं, आणि तिला पाहून दुसरी मुलगी हातमोजे घालते. पण नाण्याची दुसरी बाजू ही, की तिला बघायला आता मोबाइल, डेटा आणि वर्गणी या तिन्ही गोष्टी लागतात. टीव्ही घरात सगळ्यांचा असतो. मोबाइल कुणा एकाचा असतो. आणि आपल्या घरांत तो बहुतेक वेळा घरधन्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. रिंगणात बाई आली, पण तिला बघायला घरातली बाई पडद्यापासून लांब गेली, असं व्हायला नको.

आपल्या देशात यावर काही सोय आहे का? थोडी आहे. २००७ मध्ये आपल्याकडे एक कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या स्पर्धा कुठल्याही खासगी कंपनीने विकत घेतल्या, तरी त्यांचं थेट चित्र प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शनला द्यावं लागतं. ऑलिंपिक, आशियाई खेळ, राष्ट्रकुल खेळ अशा स्पर्धा त्यात येतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: असं चित्र दूरदर्शनने आपल्या स्वतःच्या जाळ्यावर, म्हणजे अँटेनावर आणि डीडी फ्री डिशवर दाखवायचं. खासगी केबल किंवा खासगी डिशवरून ते पुढे द्यायचं नाही. म्हणून मोठ्या स्पर्धेच्या वेळी फ्री डिश असलेल्या घराला फायदा होतो. तिला एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. डीडी स्पोर्ट्स तिच्यावर दिसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने वेव्हज नावाचं स्वतःचं ॲपही सुरू केलं.

पण जागतिक बॉक्सिंग स्पर्धा, युवा स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा यांचं काय? त्यातल्या पुष्कळ लढती खेळाच्या संघटनांच्या यूट्यूब वाहिन्यांवर फुकट दिसतात, फक्त आपल्याला माहिती नसते. आपल्या मुलींचं यश किती मोठं आहे बघा. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनमध्ये तीच कामगिरी केली. २०२३ मध्ये दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत निखत झरीन, लवलीना बोरगोहेन, नीतू घंघास आणि स्वीटी बुरा अशा चौघींनी सुवर्ण आणलं. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा जिंकल्या. यातल्या किती लढती आपल्या घरातल्या मुलींनी पाहिल्या?

आता व्यवहाराचं बोलू. स्ट्रीमिंगची वर्गणी घेताना पाच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, डेटाचा हिशेब. साध्या दर्जाचं चित्र तासाला साधारण एक जीबीपर्यंत डेटा खातं, एकदम स्वच्छ चित्र तीन जीबीपर्यंत. तुमचा रोजचा पॅक दीड जीबीचा असेल, तर स्वच्छ चित्रात अर्ध्या तासात तो संपेल. ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा वाचवण्याची सोय असते, ती चालू करा.

दुसरी, वर्गणी आपोआप कापली जाते. पहिला महिना फुकट किंवा एक रुपयात, असं म्हणून ऑटोपे चालू करून घेतात. मग दर महिन्याला खात्यातून पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश यायला हवा. पण १५ हजार रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी मागत नाहीत. म्हणून ते संदेश वाचा. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती ॲपमध्ये जाऊन रद्द करावी लागते, किंवा यूपीआयच्या ऑटोपे विभागात जाऊन बंद करावी लागते.

तिसरी, आपला हक्क. वर्गणी घेणं सोपं आणि बंद करणं अवघड करून ठेवणं, ही फसवी पद्धत आहे असं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

चौथी, फुकट लढतीच्या लिंक. मोठ्या सामन्याच्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिंक फिरतात. त्या उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पाचवी, वर्गणीची गरज खरंच आहे का ते बघा. एका लढतीसाठी वर्षभराची वर्गणी घेऊ नका. महिन्याची घ्या, बघून झालं की बंद करा. ती लढत डीडी स्पोर्ट्सवर किंवा यूट्यूबवर फुकट आहे का, ते आधी शोधा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. घरात कुठल्या कुठल्या वर्गण्या कापल्या जातात, त्याची यादी प्रत्येकीने करून आणा. डिश, रिचार्ज, ॲप, सगळं. महिन्याचा आकडा काढा, आणि त्यातलं आपण स्वतः काय बघतो ते समोर लिहा. पैसे घरातून जात असतील, तर मोबाइल संध्याकाळी तासभर आपल्या आणि मुलींच्या हातात यायलाच हवा. तो आला, की मुलींना निखतची, देविकाची एखादी लढत लावून दाखवा. तुम्हीही शेजारी बसून बघा. बायकांच्या फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्याही असतात, स्वयंपाकाच्या गडबडीतही एक फेरी बघून होते.

तुमची यादी काय सांगते, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.